पहिला विभाग, आठवा गट, पाचवं दार

तेरला मोठा पाऊस होऊन गेला की आम्ही पोरं पांढरीवर मणी वेचायला जायचो. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. वरची माती धुऊन निघाली की ढेकळांतून एखादा लाल, एखादा निळा ठिपका चमकायचा. तो खिशात टाकायचा आणि दोन दिवसांनी चड्डी धुताना आईचं बोलणं खायचं. बहुतेकांच्या लेखी तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. पण त्याच्या कितीतरी आधी, सातवाहनांच्या काळात, ते ‘तगर’ नावाची मोठी पेठ होती. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं टिपून ठेवलंय की भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. तिथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात यायचं आणि जहाजात चढायचं.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आयुष्यभर अशा वस्तू जमवल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आज तेरला आहे. त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. आमचे मास्तर तिच्याबद्दल सांगायचे, “हिची बहीण इटलीत राखेखाली सापडली.” म्हणजे पाँपेईत मिळालेली अशीच एक मूर्ती. ते वाक्य माझ्या डोक्यात पन्नास वर्षं पडून होतं. मोजणी खात्यातून निवृत्त झालो, गुडघा अजून शाबूत होता, आणि जर्मनीतला भाचा मागं लागला, “मामा, यंदा याच. मी सुट्टी टाकतो.” दादा तेवढा म्हणाला, “सोयाबीन काढायच्या टायमाला कुठं निघालास?” तरी निघालो.

सोमवार

रोमहून वेगवान गाडीनं सव्वा तासात नेपल्स. स्टेशनबाहेर पडलो तर हॉर्न, दोन वाहनांच्या मधून निघणाऱ्या स्कूटर आणि बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. जर्मनीतल्या तीन दिवसांच्या शांततेनंतर मला फार बरं वाटलं, भाच्याला नाही. “मामा, पाकीट पुढच्या खिशात,” हे तो आठवड्यातून किती वेळा म्हणाला ते मोजायचं राहून गेलं.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. समोर व्हेसुव्हियस, पाँपेई गाडणारा ज्वालामुखी. मी एकच शिखर धरून चाललो होतो, दिसली दोन, मधे खोलगट. जुन्या मोठ्या डोंगराची कड एका बाजूला उरली आहे आणि तिच्या कुशीत आजचा सुळका वाढलाय. उंची 1281 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. पायथ्यापासून अर्ध्या उंचीपर्यंत घरांचे दिवे लागलेले.

रात्री पिझ्झा. मी माळकरी नसलो तरी मांस-मासे खात नाही. ‘मरिनारा’ हे नाव खलाशांवरून आलेलं म्हणून मी नको म्हणत होतो, पण त्यात नुसता टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो नावाचा पाला निघाला. मासा नाही, चीजही नाही. पुढं चार दिवस मी तोच खाल्ला.

मंगळवार

बेत असा होता की आधी नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जायचं, मूर्ती बघायची आणि मग निवांतपणे अवशेष. सकाळी दारात पोचलो तर दार बंद. मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि हे त्यांनी सगळीकडे ठळक लिहिलेलं आहे. तिकिटं, गाड्या, हॉटेलं भाच्याच्या ताब्यात होती. हे एवढं एकच काम मी अंगावर घेतलं होतं. भाचा काही बोलला नाही, फक्त माझ्याकडं बघून कॉफी प्यायला वळला.

मग हर्क्युलेनियम, पाँपेईबरोबरच गाडलं गेलेलं दुसरं गाव. नेपल्सहून व्हेसुव्हियसला वळसा घालत जाणारी लोकल आहे, डबे आतबाहेर रंगांनी गिरगटलेले. एर्कोलानोला उतरून उतारानं दहा मिनिटं समुद्राच्या दिशेनं चाललं की रस्ता संपतो आणि आपण एका प्रचंड खड्ड्याच्या काठावर उभे असतो. खाली गाव. दुमजली घरं, छपरं, गल्ल्या. आणि खड्ड्याच्या वरच्या काठावर आजच्या एर्कोलानोच्या इमारती, त्यांची धुणी जुन्या गावावर लोंबताहेत. जुन्या गावाचा बराचसा भाग अजून या इमारतींच्या पोटाखालीच आहे. वरच्यांना उठवल्याशिवाय खालचं काढता येत नाही. गावठाणाच्या मोजणीत अशी भांडणं मी पुष्कळ पाहिली. पण तिथं वाद फारतर फूटभर भिंतीचा असायचा, इथं अख्ख्या गावाचा आहे.

इसवी सन 79 मध्ये डोंगर फुटला तेव्हा वाऱ्यामुळं सुरुवातीचा दगडांचा पाऊस पाँपेईकडं गेला. हर्क्युलेनियम पश्चिमेला, त्यामुळं बऱ्यापैकी वाचलं. रात्री मात्र तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट डोंगरावरून थेट खाली आले, एकामागून एक. गाव सुमारे 20 मीटर खोल गाडलं गेलं आणि वरचा थर थिजून दगड झाला. उष्णता इतकी की लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा झालं, आणि कोळसा झाल्यामुळं टिकलं. एका घरात घडीची लाकडी आडभिंत आहे, सरकत्या फळ्यांची, कड्यांसकट. काळी कुळकुळीत. आमच्या जुन्या वाड्याच्या माजघराला अशाच फळ्या होत्या, दिवाळीत त्यांना तेल लावायचं काम माझ्याकडं असायचं. हात लावायला अर्थात मनाई. मी नाक जवळ नेलं तेवढं.

सगळ्यात खाली जुना किनारा. समुद्र आता पुढं सरकलाय, पण होड्या ठेवायच्या कमानींची रांग तशीच आहे. 1980 नंतर तिथं खोदलं तेव्हा 300हून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. तोवर समज होता की हर्क्युलेनियमचे लोक बहुतेक निसटले. ते समुद्रापर्यंत पोचले होते एवढंच. होड्यांची वाट बघत बायका-पोरं कमानीत एकमेकांना खेटून बसली होती. कमानीला टेकून भाचा फोटो काढत होता, तो थांबला आणि त्यानं फोन खिशात ठेवला.

बुधवार

पाँपेईसाठी दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, बूट जुने आणि सवयीचे घाला, रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे आणि उंचसखल आहेत. दोन, सगळं बघायचा हट्ट सोडा. शहर 66 हेक्टरचं, त्यातला दोन-तृतीयांश भाग उघडलाय. आपल्या भाषेत एकशे साठ एकराच्या पुढं. खोदकाम 1748 मध्ये सुरू झालं, ते अजून चालूच आहे. दिवसाला 20,000 लोकांची मर्यादा ठेवलीय आणि तिकिटावर नाव असतं. आम्ही नऊच्या सुमारास सागरी वेशीतून आत शिरलो.

माझ्यासारख्या माणसाला इथं पहिल्यांदा काय दिसावं? चाकोरी. आपण ‘चाकोरीतलं आयुष्य’ म्हणतो, पण शब्द मुळात गाडीच्या चाकाच्या घळीचा. पाँपेईच्या फरसबंदीत ती दगडात पडली आहे, दोन बाजूंना दोन समांतर खोबणी. मी उकिडवा बसून हात घातला तर चार बोटं आडवी आत गेली. लोखंडी धावेची चाकं, वर्षानुवर्षं, त्याच जागी. जागोजागी रस्त्यात आडवे तीन-तीन उंच धोंडे बसवलेत. रस्त्यावरनं पाणी आणि घाण वाहायची, लोकांनी या धोंड्यांवर पाय ठेवून पलीकडं जायचं आणि गाडीची चाकं दोन धोंड्यांच्या फटीतून निघायची. म्हणजे सगळ्या गाड्यांच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण सारखं असलंच पाहिजे. भाच्यानं हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मामा, देऊळ बघायचंय का इथंच बसायचंय?”

चौकात, म्हणजे फोरममध्ये, खांबांच्या रांगांच्या बरोबर मागं डोंगर उभा आहे. तिथल्या लोकांना तो रोज दिसायचा. तो ज्वालामुखी आहे हे बहुतेकांच्या गावी नव्हतं. उतारावर द्राक्षमळे होते. इसवी सन 62 मध्ये मोठा भूकंप झाला, घरं पडली, लोकांनी परत बांधायला घेतली. 17 वर्षांनी स्फोट झाला तेव्हाही कितीतरी घरांत डागडुजी चालू होती. 1993 पाहिलेल्या आमच्या भागातल्या माणसाला ही 17 वर्षं वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. किल्लारी तेरहून काही फार लांब नाही.

डागडुजीचंच एक. स्फोटाची तारीख शाळेपासून 24 ऑगस्ट अशी सांगतात, कारण स्फोट लांबून पाहिलेल्या धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांत ती तशी आहे. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली, तिच्यात 17 ऑक्टोबरची तारीख होती. घराचं काम चालू होतं, भिंतीवर नवा गिलावा चढायचा होता, कुणीतरी जाताजाता खरडलं. कोळशाचं अक्षर फार टिकत नाही असं धरलं, तर ते त्याच वर्षीचं आणि स्फोट त्यानंतरचा, बहुधा ऑक्टोबरच्या अखेरचा, असं बरेच जण मानतात; सगळ्यांना ते पटलेलं नाही. मोजणीत पक्क्या नकाशापेक्षा जागेवर पेन्सिलनं केलेली टिपणाची वही खरी धरतात. तसंच हे.

भिंतींवर लिहिलेलं तर काय विचारता. निवडणुकीचे पाठिंबे तांबड्या रंगात रंगवलेले: अमक्याला निवडून द्या, फळवाल्यांचा पाठिंबा, अमक्याला रोटीवाल्यांचा. वातिया नावाच्या एका उमेदवाराला भुरट्या चोरांचा आणि रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा पाठिंबा जाहीर झालेला आहे. तो विरोधकांनीच लिहून घेतला असणार. आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हे सुचलं असतं तर बहार आली असती. आणि एकानं भिंतीलाच उद्देशून लिहिलंय की इतक्यांचं रटाळ लिखाण अंगावर बाळगून तू अजून पडली कशी नाहीस, भिंती. तेही भिंतीवरच.

मोदेस्तुसच्या भट्टीत गेलो. आवारात दळायची जाती. आपलं जातं आडवं, हे उभं: खाली शंकूसारखा दगड, त्यावर डमरूसारखा दुसरा. वरून धान्य ओतायचं, कडेच्या भोकात लाकडी दांडे घालून गाढवानं किंवा माणसानं गोल फिरवायचं. दगड लाव्ह्याचा, सच्छिद्र. असा दगड टाकी लावायच्या आधीच खरखरीत असतो. बाजूला विटांची घुमटी भट्टी, तिचं तोंड हल्ली लग्नात तंदूरवाले मांडतात तसं. 1862 मध्ये ती उघडली तेव्हा आत 81 पाव निघाले. गोल, वरून आठ भाग पाडलेले, कोळसा झालेले. भट्टीत घातले आणि काढायला कुणी आलं नाही.

तिथून ‘विया देल्लाब्बोन्दान्झा’ला लागलो. हा शहराचा मोठा रस्ता, सरळ पूर्वेला वेशीपर्यंत. नाव ‘समृद्धीचा रस्ता’. सुरुवातीला दगडी हौद आहे, त्याच्या उभ्या दगडावर शिंगासारखं फळांनी भरलेलं पात्र घेतलेली बाई कोरलेली. खोदणाऱ्यांनी तिला समृद्धीदेवी ठरवलं आणि रस्त्याला तिचं नाव दिलं. ती कॉन्कॉर्डिया, म्हणजे एकोप्याची देवी, असं पुढं ठरलं. रस्त्याचं नाव काही बदललं नाही. कुणाच्या मूर्तीला कुणाचं नाव चिकटेल याचा नेम नाही, हे मी मनात ठेवलं, कारण मी ज्या बाईसाठी आलो होतो तिचंही तेच झालेलं आहे.

हौदांच्या कडा नीट बघा. पाणी ज्या नळीतून पडायचं तिच्या बाजूची कड एका जागी खोलगट झालीय. पाणी प्यायला वाकताना लोक तिथं एक हात टेकवायचे. मी हात ठेवून पाहिला, तळवा अगदी बसला. भाच्याला म्हटलं तूही ठेव. त्याचाही बसला. मागून येणाऱ्या एका बाईनं आमचं बघून स्वतःचा ठेवला. रांग लागायच्या आत आम्ही पुढं सटकलो.

आता पत्ता सांगतो. पाँपेईत घरांना मालकांची नावं आहेत, पण ती बरीचशी अंदाजानं दिलेली. खरा पत्ता आकड्यांत. 1860 नंतर जुझेप्पे फिओरेल्ली खोदकामाचा प्रमुख झाला, त्यानं शहराचे नऊ विभाग पाडले, विभागात घरांचे ठोकळे म्हणजे आपले गट, आणि गटात प्रत्येक दाराला नंबर. विभाग, गट, दार. आयुष्यभर गट नंबर आणि हिस्से लिहिलेला माणूस मी, मला हा माणूस लगेच आवडला. शिवाय याच रस्त्यावर वेरुस नावाच्या धातुकाम करणाऱ्याच्या दुकानात रोमन मोजणीदाराचं यंत्र सापडलं, ग्रोमा. दांड्यावर आडवी फुली आणि चार टोकांना चार ओळंबे. समोरासमोरचे ओळंबे एका रेषेत आणले की काटकोन साधला. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा फलकयंत्र वापरायचो, जुने लोक शंकू-साखळीच्या गोष्टी सांगायचे. वेरुसकडं ते बहुधा दुरुस्तीला आलं असावं असं मी आपलं धरून चाललो. मोजणीदाराचं यंत्र ऐन कामाच्या वेळी दुरुस्तीत असतं, हा माझा अनुभव आहे.

मला हवा होता पहिला विभाग, आठवा गट, पाचवं दार. आठव्या गटात आठ नंबरला वेतुतियुस प्लासिदुस याची खानावळ आहे. रस्त्यावरच गिलावा केलेला कट्टा, वर रंगीत संगमरवराचे तुकडे, आणि कट्ट्यात बसवलेले रांजण. येणारा-जाणारा उभ्याउभ्या खाऊन जायचा. एका रांजणात जवळपास 3 किलो नाणी निघाली, बहुधा मालकानं पळताना गल्ला त्यात ओतला असावा. मागच्या भिंतीवर देव्हारा रंगवलेला: मधे घरदेवता, कडेला व्यापाराचा मर्क्युरी आणि दारूचा बाकस, दुकानदाराला आणखी कोण लागतं, आणि खाली दोन लांबलचक साप वेदीकडं सरपटत निघालेले. नागपंचमीला आई भिंतीवर चुना-गेरूनं असेच दोन नाग काढायची, तोंडाशी दुधाची वाटी. इथं वाटीच्या जागी वेदी.

आठवरून पाच शोधायला वेळ लागला नाही. दार होतं, त्याला लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात याला. 1938 मध्ये अमेदेओ मैउरी यांच्या खोदकामात इथं ती हस्तिदंती मूर्ती मिळाली, तुकड्यांत. मी जाळीला कपाळ टेकवून आत बघितलं. एक ओटा, गवत, अर्धवट भिंत, सरडा. मोठं घर नव्हे ते. श्रीमंतांचे इथले वाडे मी सकाळी पाहिले होते, दोन-दोन चौकांचे, दारात कुत्र्याचं चित्र. हे मध्यम घर. अशा घरात कुणाकडं तरी हिंदुस्थानातून आलेली एक नक्षीची वस्तू होती. कुणी घेतली, किती दिले, कुणाला दाखवायची?

किती दिले याचा थोडा अंदाज थोरला प्लिनी देतो. हा मोठा ग्रंथकार, आणि नेपल्सच्या आखाताच्या पलीकडल्या टोकाला मिसेनमला रोमन आरमाराचा प्रमुख. त्यानं त्रागा करून लिहिलंय की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्याचे किमान 5 कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो आणि त्याचा माल आपल्याकडं शंभरपट किमतीला विकतो. तोच प्लिनी स्फोटाच्या दिवशी जहाजं घेऊन लोकांना वाचवायला या किनाऱ्याला आला आणि स्टाबियेच्या वाळूवर मेला. ज्या व्यापाराच्या नावानं तो बोटं मोडत होता, त्यातला एक नग तिथून थोड्याच अंतरावर या घरात पडलेला होता.

पुढं ‘पळून जाणाऱ्यांची बाग’. दुपारी अडीचला तिथं पोचलो, पाय गेलेले. पाँपेईवर आधी कित्येक तास हलक्या दगडांचा पाऊस पडला, त्याच्या वजनानं छपरं कोसळली. जे तोवर थांबले होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या गरम लोटांत गेले. राख अंगाभोवती बसली, घट्ट झाली, शरीरं आत कुजून गेली आणि पोकळ्या उरल्या. फिओरेल्लीनं 1863 मध्ये अशा पोकळीत पातळ प्लास्टर ओतलं, ते वाळल्यावर भोवतालची राख काढली. माणूस निघाला. बागेच्या भिंतीपाशी असे 13 जण काचेपलीकडं आहेत, मोठी माणसं आणि मुलं. एक जण कोपरावर रेटा देऊन उठायला बघतोय. ओतकाम आहे, पुतळा नाही, हे डोक्याला माहीत असतं. मी मुलांकडं पुन्हा बघितलं नाही.

तिथून रंगमैदान जवळच आहे, 20,000 माणसं बसतील एवढं. तिथं इसवी सन 59 मध्ये शेजारच्या नुसेरिया गावच्या प्रेक्षकांशी दगडफेकीची दंगल झाली आणि खेळांवर 10 वर्षांची बंदी आली. आम्ही पायरीवर बसून चिक्की खाल्ली. दादानं बांधून दिलेली.

गुरुवार

व्हेसुव्हियस. बस हजार मीटरपर्यंत नेते, पुढं खडीच्या वाटेनं अर्धा तास चढ. वर ढग. तोंडाच्या काठाला उभं राहिल्यावर खाली पांढरं, वर पांढरं. एका जागी दगडांच्या फटीतून वाफ येत होती की ढगच होता, यावरून आमचा वाद झाला. शेवटचा उद्रेक 1944 च्या मार्चमध्ये, म्हणजे माझे वडील शाळेत जात होते तेव्हाचा. डोंगर अजून जागा आहे, त्याच्या अंगावर यंत्रं लावून ठेवलीत. गुडघ्यानं उतरताना तक्रार केली. संध्याकाळी झोपलो.

शुक्रवार

पाँपेई म्हणजे भिंती, आणि भिंतींच्या आतलं सगळं नेपल्सच्या संग्रहालयात. हे उलट क्रमानं बघायला नको. आधी रिकामी घरं पाहिली असली की इथं प्रत्येक वस्तू कुठून उचलली ते कळतं. म्हणजे मंगळवारची माझी चूक कामी आली, असं मी भाच्याला सुचवून पाहिलं. त्यानं मान्य केलं नाही.

ब्राँझची भांडी असलेल्या दालनात मात्र मीच रेंगाळलो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर असाच ब्राँझचा साठा निघाला होता. त्यातली पोसायडनची मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, समुद्रदेव, छोटासाच, नोकरीत असताना दोनदा पाहिलाय. त्याच साठ्यातला एक सुरईसारखा जग इकडच्या कंपानिया प्रांतात घडवलेला मानतात, आणि पाँपेई कंपानियातच येते. इथल्या काचेतल्या सुरया बघताना सारखं वाटत होतं, ही कान धरून उचलण्याची मूठ मी पंचगंगेकाठी पाहिलीय. त्यांचा देव आपल्याकडं आला, आपली बाई त्यांच्याकडं गेली. येताना-जाताना भडोचच्या धक्क्यावर त्यांची गाठ पडली नसेलच असं नाही.

एका चित्रापाशीही थांबलो. बाकस देव नखशिखांत द्राक्षांचा घड होऊन उभा आहे, शेजारी पायथ्यापर्यंत मळे असलेला हिरवा डोंगर, खाली तोच साप. हा डोंगर व्हेसुव्हियस मानतात. कुणाच्या तरी घरच्या देव्हाऱ्यावरचं चित्र. पूजेत डोंगरही होता.

ती बाई मात्र वेगळ्या दालनात आहे. ‘गुप्त दालन’. पाँपेईच्या खोदकामात पुष्कळ शृंगारिक चित्रं-मूर्ती निघाल्या. 1819 मध्ये तिथला राजपुत्र फ्रान्सिस बायको आणि मुलीला घेऊन संग्रह बघायला आला, संकोचला, आणि त्यानं हे सगळं एका खोलीत घालून कुलूप लावायला सांगितलं. पुढं जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं ते बहुतेक बंदच, 2000 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. लहान मुलांना मोठ्यांबरोबरच सोडतात. आम्ही आत गेलो तेव्हा कॉलेजच्या पोरांचा एक घोळका कोपराकोपरानं ढुसण्या देत होता. भाचा एकदम छताची नक्षी बघायला लागला.

आणि त्या सगळ्यात ती. काचेच्या पेटीत एकटी.

मी पन्नास वर्षांत तिला कमरेएवढी तरी कल्पिलं होतं. ती 24 सेंटिमीटर आहे. पाय अढी घालून उभी, एक हात डोक्यामागं. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, हातात प्रसाधनाचं काहीतरी. अंगावर वस्त्र नाही म्हटलं तरी चालेल, पण दागिने? मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्यांचा थर, पायात वाळे तसेच एकावर एक, कमरेला मेखला, गळ्यात ठसठशीत हार. आमच्याकडं बाजारच्या दिवशी तांड्यावरच्या बायका यायच्या, कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या. त्यांचा हात जसा दिसायचा, हुबेहूब तसा. काचेला वळसा घालून मी मागं गेलो. मागूनही तेवढंच काम. पाठीवर केस, त्यावर कारागिरानं एकेक रेघ ओढलेली. जी बाजू भिंतीकडं जायची ती कुणी इतकी कोरत नाही. ती हातात घेऊन फिरवायची वस्तू होती. डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळं कुणी ती आरशाची मूठ मानतं, कुणी एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय.

तिला ‘लक्ष्मी’ म्हणतात. सापडली तेव्हा ते नाव पडलं आणि रस्त्याच्या समृद्धीदेवीसारखं चिकटलं. ना कमळ, ना हत्ती. आपल्याकडचे बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. भोकरदनच्या उत्खननात अशीच एक हस्तिदंती निघाली, तिचा कमरेखालचाच भाग उरलाय, पण शेजारच्या दासी आहेत. तेरची तिसरी. म्हणून ती मराठवाड्याची असावी असं एक मत. दुसरीकडं तिच्या पायाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे आणि खरोष्ठी चालायची वायव्येला, गांधाराकडं. मग ती तिकडची? की इथं घडली आणि वाटेत कुणी खूण केली? हद्दीच्या वादात मी नेहमी दोन्ही बाजूंचे कागद मागायचो. इथं कागद म्हणजे एक अक्षर आणि दोन बहिणी. तेरचा माणूस म्हणून माझा कौल कुठं जाईल हे सांगायला नको, पण शिक्का मारायला मी धजणार नाही.

“मामा, तिच्यावर हसत नाहीयेत ते,” भाचा हळूच म्हणाला. खरंच, तो घोळका बाकीच्या पेट्यांपाशी फिदीफिदी करत होता आणि हिच्यापाशी येऊन गप्प वाकून बघत होता. एका मुलीनं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून बांगड्या किती ते मोजायला सुरुवात केली. मीही मोजत होतो. आमच्या दोघांच्या मोजणीत फरक आला, असा तिच्या चेहऱ्यावरून अंदाज केला.

बाहेर पायऱ्यांवर बसून तेरला फोन लावला. तिकडं संध्याकाळ. परतीचा पाऊस दोन दिवस झोडपत होता आणि काढलेलं सोयाबीन ताडपत्रीखाली होतं, हे दादानं आधी पाच मिनिटं सांगितलं. मग विचारलं, “बघितलीस का?”

“बघितली.”

“केवढी हाय?”

मी डावा हात पुढं करून अंगठा आणि करंगळी ताणली. “वीतभर.”

तिकडून थोडा वेळ नुसता पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आला.

“एवढ्यासाठी गेलतास व्हय रं?”

“हो,” म्हटलं. “मागनं पण कोरलीय.”